मोटारसायकलस्वार शेतकऱ्यांनो, डोके सांभाळा!

(शेतकरी मेळाव्यात एका अनुभवी मोटारसायकल मिस्तरींनी केलेले हे भाषण वाचकांसाठी शब्दबद्ध करून देत आहोत.)



कापूस, केळी, ठिबक, खते या विषयांवर तुम्ही तज्ज्ञांची भाषणे नेहमी ऐकता. मी तज्ज्ञ नाही. मी गाड्या दुरुस्त करणारा मिस्तरी आहे. पारोळ्याजवळ, धुळे-जळगाव हमरस्त्यापासून थोड्या अंतरावर माझे गॅरेज आहे. माझी निम्म्याहून अधिक गिऱ्हाइके शेतकरी आहेत. कुणी एरंडोलकडचे, कुणी अमळनेरकडचे, तर कुणी धुळे तालुक्यातले. तेव्हा तुमच्या पिकाबद्दल नाही, पण तुमच्या गाडीबद्दल आणि ती चालवण्याच्या तुमच्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे, असे समजतो.

१९९० साली मी धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात उमेदवारीला लागलो. त्या वेळी दूधवाल्यांकडे राजदूत, एखाद्या बागायतदाराकडे येझदी किंवा बुलेट आणि बाकीच्यांकडे लूना नाहीतर एम-८० असायची. बहुतेकांचे वाहन म्हणजे सायकल किंवा बैलगाडीच. आज ज्या घरी बैलजोडी नाही, त्या घरीही मोटारसायकल आहे. फवारणीचा पंप, युरियाची गोणी, दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, ठिबकच्या नळ्यांचे बंडल असे सारे काही तिच्यावरूनच जाते. म्हणजे मोटारसायकल हे आता शेतीचे अवजारच झाले आहे. पण अवजार वापरताना घ्यायची काळजी आपण या अवजाराच्या बाबतीत घेत नाही.

एका गिऱ्हाइकाची हकिगत

२०११ सालची गोष्ट. आखाजीला चार-पाच दिवस होते. माझे एक जुने गिऱ्हाईक गाडी घेऊन आले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. लेकीला आखाजीसाठी माहेरी आणायचे होते, म्हणून गाडीचे सगळे काम करून घ्यायचे होते. मी मागचे-पुढचे ब्रेक लायनर बदलले, चेन-स्प्रॉकेट नवे टाकले, हेडलाइट नीट केला, दोन्ही टायरची हवा पाहिली. गाडी अगदी ठणठणीत करून दिली.

आबांकडे हेल्मेट होते. मुलाने आणून दिले होते. निघताना त्यांनी ते हँडलवरून काढले आणि माझ्या गॅरेजातल्या खिळ्याला अडकवले. म्हणाले, "मिस्तरी, उन्हात डोके शिजते. आठेच जानं शे. येताना घेऊन जाईन." मी म्हणालो, "बरं."

तिसऱ्या दिवशी तीच गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आली. रस्त्यात कुत्रे आडवे आले होते. आबा एका अंगावर पडले आणि डोक्याची मागची बाजू साइडपट्टीच्या दगडावर आपटली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत सारे संपले होते. लेक आखाजीला आली नाही, बापाच्या मौतीला आली.

मी गाडी तपासली. हँडल वाकले होते, एक इंडिकेटर तुटला होता, हेडलाइटची काच फुटली होती आणि फुटरेस्ट मुडपला होता. ब्रेक व्यवस्थित लागत होते. सारे काम दोन हजारांच्या आत झाले. पुढे ती गाडी आबांच्या मुलाने कित्येक वर्षे वापरली.

मंडळी, ब्रेक लागत नसता तर मी स्वतःला दोष दिला असता. ब्रेक लागत होता, तरी मी स्वतःला दोष देतो. कारण मी "बरं" म्हणालो होतो. गाडीचा एखादा नट ढिला असता, तर मी आबांना जाऊ दिले नसते. हेल्मेट खिळ्याला लटकत असताना मात्र जाऊ दिले. वाकलेले हँडल बदलता येते, शॉकअपचे पाइप प्रेसवर सरळ करता येतात, रिमचा आऊट काढता येतो. डोक्याच्या बाबतीत असे काही करता येत नाही.

डोक्याला मार लागतो म्हणजे काय होते?

पुष्कळ जण म्हणतात, "मी चाळीसच्या वर जातच नाही." ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना माणूस एखाद्या झाडावर किंवा उभ्या ट्रॉलीवर आदळला, तर तो मार सुमारे २० फूट उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. कोरड्या विहिरीत २० फूट खाली डोक्यावर पडण्याची कल्पना करा. ताशी ३० ला हीच उंची सुमारे साडेअकरा फूट, म्हणजे घराच्या धाब्यावरून पडल्यासारखी होते. ताशी ६० ला ती ४६ फुटांच्या आसपास जाते. शिवाय गाडी जागेवर उभी असली, तरी बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. तेवढ्यावरून डोके दगडावर आपटले, तरी कवटी फुटू शकते. आबांची गाडी फार वेगात नव्हती.

हेल्मेट काय करते, ते समजून घ्यावे. बाहेरचे कवच टोकदार वस्तू आत शिरू देत नाही आणि मार एका जागी न ठेवता पसरवते. खरे काम आतल्या जाड थर्माकोलचे असते. डोके आपटताच तो थर्माकोल दबतो आणि धक्का स्वतःमध्ये मुरवतो. आंब्याच्या पेटीत आपण पेंढा घालतो, तसेच हे आहे. पेटी मजबूत असून भागत नाही, आत पेंढा लागतो.

ही गोष्ट जगाला कशी कळली, तेही सांगतो. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स नावाचा प्रसिद्ध माणूस मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणारे सैनिक मोटारसायकलवरून पडून मरू लागले, तेव्हा केर्न्स यांनी त्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने या सैनिकांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर अनेक देशांत अभ्यास झाले. अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये घेतला गेला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. हेल्मेट म्हणजे अमरपट्टा नव्हे. पण इतका फरक पाडणारे औषध पिकासाठी मिळाले, तर आपण रांगा लावू.

आपल्या देशाचा आकडाही ऐका. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मेले. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्यांत आपल्या बायका, आई-वडील आणि पोरे असतात.

नेहमीच्या सबबी

गॅरेजात बसून मी या सबबी रोज ऐकतो. त्यांतल्या काही खोट्या नाहीत, म्हणून त्यांचा नीट विचार करू.

ऊन : आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. हेल्मेटमध्ये उकडते, हे खरे आहे. हवेसाठी छिद्रे असलेले, फिकट रंगाचे हेल्मेट घ्यावे. आत पातळ सुती टोपी किंवा एकपदरी फडके घालावे. मात्र नेहमीचा जाड रुमाल गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवू नये. ते ढिले बसते आणि पडताना निघून जाते. लांबचा प्रवास सकाळी दहाच्या आत किंवा उन्हे उतरल्यावर करावा.

जवळच जायचे आहे : शेत जवळ असते, पण तिथे जायचा रस्ता बहुधा हमरस्ता ओलांडूनच जातो. कुत्रे, डुक्कर, रोही हे गावाजवळच आडवे येतात.

ऐकू येत नाही : मापाचे हेल्मेट घातले, तर हॉर्न ऐकू येतो. कानाला घट्ट रुमाल बांधल्यावर किंवा मोबाइल खांद्यात दाबून बोलताना त्याहून कमी ऐकू येते. ते मात्र आपल्याला चालते.

पैसे नाहीत : आयएसआय चिन्हाचे साधे, चांगले हेल्मेट बीटी कपाशीच्या एका पाकिटाच्या किमतीच्या आसपास मिळते. पाकीट एका हंगामाचे असते. हेल्मेट नीट वापरले, तर कित्येक हंगाम टिकते.

सवय नाही : फवारणी करताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालण्याचीही आपल्याला सवय नव्हती. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सवयीचा विचार सुरू झाला. सवय लागायला माणसे मरावी लागू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

हेल्मेट कसे घ्यावे, कसे ठेवावे?

१. आयएसआय चिन्ह आणि त्याबरोबर आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी पातळ प्लॅस्टिकची टोपी पोलिसांना दाखवण्यापुरती असते, डोक्यासाठी नसते.

२. कपाळावरून, भुवयांच्या किंचित वर शिंप्याची टेप फिरवून डोक्याचे माप घ्यावे. ५८ सेंटिमीटर माप आले, तर ५८ चेच हेल्मेट घ्यावे. घातल्यावर मान हलवून पाहावी. गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली, तर माप बरोबर आहे.

३. हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय हेल्मेट घातले असे म्हणू नये. पट्टा आणि हनुवटी यांत फार तर दोन बोटे जावीत.

४. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. वरून चीर दिसत नसली, तरी आतला थर्माकोल दबलेला असतो आणि तो पुन्हा फुगत नाही.

५. हेल्मेट पेट्रोल, थिनर किंवा कीटकनाशकांजवळ ठेवू नये. साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या हेल्मेटमध्ये कोंबडी अंडी घालीत असे. कोंबडीला तरी त्याचा उपयोग कळला होता!

कायद्याचेही लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील मुलांनाही ते लागू झाले.

गाडीचे काम करून घेताना

आता मिस्तरी म्हणून काही गोष्टी सांगतो. साडी गार्ड आणि आरसे काढून टाका, असे सांगणारी गिऱ्हाइके महिन्यातून दोन-चार तरी येतात. साडी गार्ड काढून गोणी चांगली बसते, हे खरे आहे. पण मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे हे संरक्षण, धरायला कडी आणि पाय ठेवायला फुटरेस्ट गाडीला असलेच पाहिजे, असा नियम आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली, तर बाई डोक्यावरच पडते. बहिणींनी गाडीवर बसण्यापूर्वी पदर खोचावा. धोतर नेसणाऱ्यांनी चेन कव्हर शाबूत आहे ना, ते पाहावे.

पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, अशी समजूत आहे. म्हणून कित्येक जण त्याची केबल ढिली करून घेतात. वास्तविक ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे मोठे काम तेच चाक करते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत लावावेत. खडी, चिखल किंवा काळ्या मातीचे चोपण असेल, तिथे पुढचा ब्रेक जपून वापरावा. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर गाडी सावकाश चालवून, ब्रेक दोन-चार वेळा दाबून लागतात का, ते पाहावे.

टायर गुळगुळीत झाला की बदलावा. त्यात घर्षण राहत नाही. हवा किती भरावी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ओझे न्यायचे असेल, तर मागच्या चाकात त्यानुसार जास्त भरावी. विळा, कुऱ्हाड, कोळप्याची पास उघडी नेऊ नये. गोणपाटात गुंडाळून बांधावी. नळ्या किंवा बांबू आडवे धरून नेऊ नयेत. पायात चप्पल न घालता बूट घालावा आणि डोळ्यांना चष्मा लावावा. संध्याकाळी चिलट डोळ्यात जाऊन पडलेली माणसे मी पाहिली आहेत.

आपली ट्रॉली, दुसऱ्याचा जीव

पूर्वीचा सहा नंबरचा, आता ५३ नंबरचा हमरस्ता रुंद होत गेला, तसा त्यावरचा वेगही वाढला. दुभाजकातली मोकळी जागा लांब पडते म्हणून आपण उलट्या बाजूने गाडी घालतो. समोरून येणारा ट्रकवाला डाव्या बाजूला माणूस असेल असे धरून चालत नाही. एक-दोन किलोमीटरचे पेट्रोल वाचवण्यासाठी हे करू नये.

रात्री डोके फुटते, ते पुष्कळदा आपल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीवर. कापसाने भरलेली ट्रॉली किंवा बैलगाडी अंधारात दिव्याशिवाय उभी असते. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपलेला मोटारसायकलवाला थेट तिच्यावर जातो. म्हणून प्रत्येक ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागून लाल रेडियमची पट्टी लावावी. बंद पडलेली ट्रॉली रस्त्याच्या खाली उतरवून उभी करावी.

अपघात झालाच तर

१०८ वर फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याला ओढून बसवू नये आणि हेल्मेट घाईने खेचून काढू नये. मानेला इजा असेल, तर ती वाढते. रक्त वाहत असेल, तिथे स्वच्छ फडके दाबून धरावे. पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगू नये. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच स्पष्ट केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने तसे संरक्षण कायद्यातही आले.

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये देणारी शासनाची योजना आहे. तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे. ते स्वतः ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गेले, हे तुम्हाला आठवत असेल. योजना चांगली आहे, घरच्यांनी तिची माहिती ठेवावी. पण ते २ लाख घरच्यांच्या हातात यावेत, म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही.

माझ्या गॅरेजातला नियम

आबा गेल्यानंतर मी ठरवले की हेल्मेट नसेल, तर गाडी द्यायची नाही. पहिल्या वर्षी बरीच गिऱ्हाइके तुटली. समोरच्या गॅरेजात कुणी असे विचारीत नव्हते. मलाही प्रपंच आहे. मग मी थोडा मार्ग बदलला. बिलाच्या कागदावर ब्रेक, चेन, टायर, लाइट यांच्याखाली "हेल्मेट" असे लिहून घेतले. गाडी तपासतो, तसेच हेल्मेटही तपासतो. पट्टा लागतो का, माप बसते का, काच स्वच्छ आहे का, ते पाहतो. त्याचे पैसे घेत नाही. नसेल त्याला गॅरेजातल्या चार हेल्मेटांपैकी एक देतो आणि परत आणून द्यायला सांगतो. काही परत येत नाहीत. त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण ती कुणाच्या तरी डोक्यावर असतील.

आबांचे हेल्मेट अजून त्याच खिळ्याला आहे. त्यांच्या मुलाने ते नेले नाही आणि मीही काढले नाही. ते आता जुने झाले आहे, वापरण्याजोगे राहिले नाही, म्हणून कुणाला देत नाही. "आठेच जानं शे" असे कुणी म्हणाले, की त्याला ते दाखवतो आणि आबांची हकिगत सांगतो. निम्मे लोक ऐकतात.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर माळ्यावरचे हेल्मेट खाली काढा. धुवा, पट्टा पाहा आणि गाडीच्या किल्लीशेजारी अडकवा. घरात मागे बसणाऱ्यासाठी दुसरे नसेल, तर येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन या. आणि तुमचा मिस्तरी गाडी देताना हेल्मेटबद्दल काही बोलला नाही, तर तुम्हीच त्याला विचारा, "आमचे हेल्मेट पाहिले का?" त्याच्यावर "बरं" म्हणायची वेळ येऊ देऊ नका.